माळेगावचा माळ आणि आपला वाटा

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा मागे पडले की थोड्याच वेळात माळेगाव लागते. नाशिककडचे मालेगाव वेगळे आणि बारामतीजवळचे माळेगावही वेगळे. हे माळेगाव लोहा तालुक्यातले, बालाघाटाच्या उतारावरचे, खंडोबाच्या यात्रेसाठी मराठवाडाभर ठाऊक असलेले. वर्षातले बहुतेक दिवस हे गाव आजूबाजूच्या चार गावांसारखेच असते. कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि पावसाची वाट. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की त्याच्या माळावर एक दुसरेच गाव वसते. राहुट्या पडतात, खुंट्या ठोकल्या जातात, कडब्याच्या गंजी उभ्या राहतात आणि घोडे, उंट, गाढवे, खेचरे, बैल यांच्या दावणी नजर पोहोचेल तिथवर लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत ही यात्रा भरते. मुख्य सोहळा पाच दिवसांचा. जनावरांचा बाजार मात्र त्याच्या आधीच सुरू झालेला असतो.

आमच्या या साप्ताहिकाचे वाचक विचारतील, खंडोबाच्या यात्रेशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आम्ही देवदर्शनाला गेलो नव्हतो. भंडारा उधळणाऱ्यांच्या श्रद्धेची टवाळी करायलाही गेलो नव्हतो. माळेगावला आणखी एक यात्रा भरते. ती जिल्हा परिषदेच्या मांडवात आणि जनावरांच्या दावणीत भरते. तेथे कृषी प्रदर्शन असते, फळे-भाजीपाल्याची स्पर्धा असते, पशुप्रदर्शन असते, कुत्र्या-कोंबड्यांचेही प्रदर्शन असते. कुस्त्यांचा फड असतो, लोककलांचा आणि लावणीचा महोत्सव असतो. हा सारा खर्च सरकारी तिजोरीतून म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून होतो. तेव्हा त्यात आपला वाटा किती, हे पाहायला जाणे आपले काम आहे.

दावणीतली फेरी

माळावर पाय ठेवताच पहिल्यांदा भेटतात ते लाल कंधारी बैल. ही जात याच मातीतली. कंधार, लोहा, मुखेड हा तिचा मूळ मुलूख. रंग गडद तांबडा, अंगाने आटोपशीर, कमी वैरणीवर तग धरणारी, उन्हातान्हात औत ओढायला कणखर. शेजारच्या लातूर जिल्ह्यातली देवणीही येथे दिसते. देवणीचे रंगावरून तीन प्रकार मानतात : वानेरा, बालंक्या आणि शेवरा. पशुप्रदर्शनात या दोन्ही जातींचे वळू, बैल आणि गाई वेगवेगळ्या उभ्या करतात. परीक्षक शिंगे, कान, पाठ, खूर पाहतात आणि मग बक्षीस ठरते.

जनावराचे वय दातावरून कळते. दुधाचे दात असलेला तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी दोन पक्के दात आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती आणि आठही आले की जुळला. व्यवहार ठरवताना दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून भाव करतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. ज्याला ही बोटांची भाषा येत नाही तो दलालाच्या हातात सापडतो. म्हणून आपल्यापैकी कोणी पहिल्यांदाच जनावर घ्यायला जात असेल तर जाणकार माणूस बरोबर न्यावा, दात स्वतः पाहावे, जनावर चालवून पाहावे आणि पावती घेतल्याशिवाय कासरा हातात घेऊ नये.

एका दावणीपाशी कंधारकडचे एक वयस्क शेतकरी बसले होते. आम्ही विचारले, "मामा, जोडी विकायला आणली का?"

"विकायलाच आणली बा. पर गिऱ्हाईक कुठंय? समद्यायला ट्रॅक्टर पाहिजे."

"मग ठेवा की घरीच."

"ठिवावं तर चारा लागतो, इकावं तर भाव न्हाई. काय करावं माणसानं?"

मामांच्या या दोन वाक्यांत आजच्या बैलबाजाराची सगळी कहाणी आली. नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरने होऊ लागली. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईंप्रमाणे बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हाताऱ्या बैलाची जी काही किंमत येत होती, तिच्यात थोडी भर घालून शेतकरी तरुण खोंड घेत असे. ती साखळी तुटली. २०२० च्या अखेरीस करोनाचे सावट होते. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग आला आणि राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. एवढे होऊनही लाल कंधारी टिकून आहे, ती जनावर लेकरासारखे सांभाळणाऱ्या अशा लहान शेतकऱ्यांमुळे. वळू प्रदर्शनात उभा करून हार घालणे सोपे. तो वर्षभर पोसणे अवघड.

बैलांच्या पलीकडे गाढवांचा बाजार. शहरातून आलेले लोक तेथे हसत हसत फोटो काढतात. पण गाढव हे कोणाचे तरी पोट आहे. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, परीट अशा कष्टकरी जातींचे संसार या जनावराच्या पाठीवर चालले. माती, वाळू, दगड, विटा, सारे त्यानेच वाहिले. आता टेम्पो आणि ट्रॅक्टरने ते काम नेले, तरी वीटभट्टीवर आणि अडचणीच्या वाटेवर गाढवाला अजून मागणी आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले तेव्हा पांढरपेशा महाराष्ट्राला कैकाड्यांचे जिणे पहिल्यांदा कळले. ज्यांनी ते वाचले आहे त्यांना या बाजारात हसू येणार नाही.

भटक्या समाजांसाठी यात्रा ही वर्षातून एकदा सगेसोयरे भेटण्याची जागा. सोयरिकी येथे जुळतात, भांडणे येथे मिटतात. पूर्वी जातपंचायतीचा निवाडाही अशा यात्रांतच होई. त्यात दंड आणि वाळीत टाकणे यांचा सर्वांत जास्त मार बायकांनाच बसत असे. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. अशा प्रकारचा स्वतंत्र कायदा करण्यात आपले राज्य पुढे राहिले, ही अभिमानाची गोष्ट. पण राहुटीत राहणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचवायचा कोणी? प्रदर्शनात कीटकनाशकांचे इतके फलक लागतात, त्यात या कायद्याचा एक फलक लावायला काय हरकत आहे?

मेलेले जनावर आणि जिते जनावर

शेळ्या-मेंढ्यांच्या बाजूला आम्हाला मुखेडकडच्या एक भगिनी भेटल्या. हातात काळ्याभोर उस्मानाबादी शेळीची दोरी. आमच्या झोळीवरचे निळे चिन्ह पाहून त्यांनीच आधी "जय भीम" म्हटले.

"बचत गटाच्या पैशातनं घेतली," त्या म्हणाल्या. "गाभण हाय. दोन करडं देईल."

"ताई, घरी शेती आहे का?"

"शेती कुठली दादा! रोजानं जातो. माझ्या सासऱ्यानं गावची मेलेली ढोरं वढली. आमी जित्तं जनावर दावणीला बांधायलो."

वाचकहो, त्या माळावर आम्ही बरेच काही पाहिले, पण या बाईंच्या बोलण्याएवढे मोलाचे काही ऐकले नाही. गाय-बैलाशी आपल्या वाडवडिलांचा संबंध होता, पण तो शेवटच्या टोकाला. जनावर जिवंत असेपर्यंत ते पाटलाच्या गोठ्यात. त्याचे दूध त्याच्या घरात, त्याचे कष्ट त्याच्या शेतात. मेले की ते महारवाड्याचे. ओढून न्यायचे, सोलायचे आणि पोटासाठी त्याचे मांसही खायचे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हा बाबासाहेबांचा निरोप तेथून गावोगावी गेला आणि लोकांनी उपाशी राहून तो पाळला. गावकामगाराचे हे वतन म्हणजे गुलामीच, हे ओळखून १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयकही आणले. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तरी वारा इकडेही पोहोचला.

मेलेले ढोर सोडून जवळपास शंभर वर्षे होत आली. आता सून दोरी धरून जिवंत शेळी घरी नेते. ती लहान वाटत असली तरी क्रांतीच आहे. उस्मानाबादी शेळी कोरडवाहू मुलखात टिकते आणि अनेकदा जुळी करडे देते. तिला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. पण प्रश्न पुढचा आहे. शेळी चारायची कुठे?

प्रदर्शनाचा मांडव

कृषी प्रदर्शनाच्या मांडवात शिरलो. हातभर लांबीचे मुळे, डोक्याएवढी कोबी, हळदीचे कांदे, उसाच्या मोळ्या, कापसाची बोंडे. प्रत्येकाजवळ शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. त्याच्या नांदेडच्या संशोधन केंद्रातून निघालेले 'नांदेड-४४' हे कापसाचे संकरित वाण एके काळी मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे घर चालवीत होते. असे ज्ञान शेताच्या बांधापर्यंत पोहोचवणे हाच प्रदर्शनाचा हेतू.

ही कल्पना आपल्याकडे कोणी मांडली, हे ठाऊक आहे का? महात्मा जोतीराव फुले यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक त्यांनी १८८३ साली पूर्ण केले. त्यात सरकारला उपाय सुचवताना ते सांगतात की, दरवर्षी श्रावणात शेतीची प्रदर्शने भरवावीत, आश्विनात पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्यावी आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्याच्या हुन्नराला विद्येचा मान मिळावा हा त्यामागचा विचार. त्याच ग्रंथात गावांची गायराने गावांना परत द्यावीत अशीही मागणी आहे. म्हणजे प्रदर्शन आणि गायरान या दोन गोष्टी जोतीरावांनी एकाच यादीत ठेवल्या होत्या. सरकारांनी पहिली उचलली. दुसरीचे भिजत घोंगडे आजही पडले आहे.

मांडवात हिंडताना एक गोष्ट मनात सलत राहिली. मुळ्याजवळ मालकाचे नाव होते. तो मुळा ज्या बाईने खुरपला, ज्या गड्याने त्याला रात्री-अपरात्री पाणी दिले, त्यांची नावे कुठे होती? नांदेड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरात सुमारे १९ माणसे अनुसूचित जातींची आहेत. शेतावर राबणाऱ्या हातांत त्यांचे हात फार, सातबाऱ्यावर त्यांची नावे थोडी. आम्ही बक्षीस मिळवणाऱ्यांचा हेवा करीत नाही. त्यांनीही घाम गाळला आहे. पण औत हाकण्याची परीक्षा घ्या, असे जोतीराव म्हणाले होते. औताच्या मालकीची नव्हे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेत लहान की मोठे एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतीला भांडवल नाही, अवजारे नाहीत आणि जमिनीवर नको इतकी माणसे रिकामी बसली आहेत, हे मूळ दुखणे त्यांनी दाखवले आणि उद्योगधंदे वाढवणे हा उपाय सांगितला. आज ट्रॅक्टर, ठिबक, फवारणी यंत्रे विकणाऱ्या दुकानांची रांग पाहताना तो निबंध आठवतो. अवजार आले, पण ज्याच्या हातचे काम त्याने नेले, त्याला दुसरे काम कोण देणार?

जमिनीचा सवाल

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. बाया-माणसे, लेकराबाळांसह तुरुंगात गेली. मराठवाड्यात आपल्या लोकांनी गावाबाहेरच्या पडीक गायरानांवर दगड वेचून, झुडपे तोडून शेते केली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. बाबासाहेबांची जन्मशताब्दी ज्या दिवशी सुरू झाली तीच ही तारीख. काहींच्या नावावर जमीन झाली. पुष्कळांची कागदपत्रे तहसिलात धूळ खात पडली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका खटल्यात गावांच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा असे सांगितले. पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी हा अपवाद असू शकतो, हेही त्याच निकालात आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगावी नोटिसा गेल्या, तेव्हा हा अपवाद किती जणांना ठाऊक होता? जुना दंडाचा कागद, पीकपाहणीची नोंद, ग्रामपंचायतीची पावती, हे सारे ट्रंकेत जपून ठेवा. तोच आपला पुरावा.

आणि हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे की, गायरान संपले तर त्या मुखेडच्या ताईंची शेळीही उपाशी मरते. कसायला जमीन आणि चरायला कुरण, गरिबाला दोन्ही लागतात. मोठ्या बागायतदाराने गायरानात बांध सरकवला तर त्याची चर्चा होत नाही. भूमिहीनाने दोन एकर कसले की ते डोळ्यांत येते. भांडायचे असेल तर या दुजाभावाशी भांडले पाहिजे.

प्रदर्शनात सरकारी योजनांची दालने असतात. तेथे गर्दी कमी असते. आपल्या लोकांनी मात्र आधी तिकडेच जावे. दोन योजना लक्षात ठेवाव्यात. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन मिळण्याची तरतूद आहे. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर केली गेली आणि विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य ठेवले गेले. त्या वेळी जिरायत जमिनीसाठी एकरी ५ लाख आणि बागायतीसाठी ८ लाख रुपयांपर्यंत दर ठरला. त्या दरात जमीन विकायला कोणी तयार होत नाही, ही लोकांची तक्रार. ती खरी असली तरी अर्जच आला नाही तर योजनेची निकड दिसत नाही. दुसरी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना. ही २०१७ साली सुरू झाली आणि जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत चालते. ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना विहीर, पंप, ठिबक यांसाठी अनुदान मिळते. नव्या विहिरीचे अनुदान अडीच लाख होते, ते २०२४ मध्ये ४ लाख केले गेले. विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. सातबारा आणि जातीचा दाखला तयार ठेवा.

रात्रीचा माळ

दिवस मावळला की माळावर दिव्यांची आरास होते. आकाशपाळणे फिरू लागतात, मौत का कुआंमधल्या मोटारसायकलींचा आवाज घुमतो, फडावर ढोलकी कडाडते. लावणीच्या कलेत आपल्या लोकांचे रक्त आटले आहे. ढोलकी, तुणतुणे, शाहिरी हे दलित वस्त्यांनीच जिवंत ठेवले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी त्याच बाजातून आंबेडकरी जलसे उभे केले आणि गण-गौळणीच्या जागी समतेचा विचार आणला. म्हणून नाचणाऱ्या भगिनीकडे पाहताना पैसे उधळणाऱ्यांची नजर आपली असू नये.

मुरळीची गोष्ट याहून गंभीर. पोर देवाला सोडायची ही चाल खंडोबाच्या नावाने कित्येक पिढ्या चालली आणि सोडल्या गेलेल्या मुली बहुतेक आपल्याच घरांतल्या होत्या. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, देवदासी, पोतराज यांची सभा घेतली आणि हे जिणे सोडा असे कळकळीने सांगितले. महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमाने ही प्रथा गुन्हा ठरली. कोणाच्या घरी नवसाची भाषा कानावर आली तर शेजाऱ्यांनी गप्प बसू नये. त्या लेकीला शाळेत नेऊन बसवावे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नांदेडपर्यंत रेल्वे आहे, तेथून लोहामार्गे एस. टी. मिळते, नांदेडहून अंतर पन्नास-साठ किलोमीटर. थंडी कडक असते, लेकरांना स्वेटर-कानटोपी घ्या. पिण्याचे पाणी आणि भाकरी-चटणी बरोबर ठेवा. मुलांना पाळण्यात जरूर बसवा, पण आधी दावणीत फिरवा. लाल कंधारी कोणती, देवणी कोणती हे ओळखायला शिकवा. मग योजनेच्या दालनात नेऊन फलक मोठ्याने वाचायला लावा. ज्या घरात आजीला वाचता येत नाही तेथे नातीने अर्ज भरला, तर यात्रेचा फेरा सत्कारणी लागला असे समजावे.

पाचवा दिवस संपला की खुंट्या उपटल्या जातात. माळावर उरते ती राख, कडब्याचे काड आणि शेण. ते शेण गोळा करायला पहाटेच आसपासच्या वस्त्यांतल्या बाया टोपल्या घेऊन येतात. दुसऱ्याच्या जनावराचे शेण गोळा करणाऱ्या त्या हातांना स्वतःच्या शेतात खत टाकायला मिळेल, त्या वर्षी माळेगावचे कृषी प्रदर्शन पुरे झाले असे आम्ही म्हणू.